शेवाळातले काचेचे करंडे

नदीतल्या दगडावरून पाय घसरला की आपण शेवाळाला नावे ठेवतो. त्या बुळबुळीत थरात केवढी वस्ती नांदत असते, ते आज सांगायचे आहे.

आमच्या नांदगावची शाकंबरी नदी पावसाळा सरला की आटते. एका श्रावणात ती वाहत असताना मी पात्रातला एक दगड उचलला आणि त्यावरचा तपकिरी थर दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून बाटलीत घेतला. अभ्यासकही असेच नमुने गोळा करतात. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर होडीच्या आकाराचे सोनेरी जीव संथपणे सरकताना दिसले. ते डायटम होते.

मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि ते नाव चपखल आहे. डायटम म्हणजे एकच पेशी. तिच्याभोवती सिलिकेचे, म्हणजे काच ज्यापासून बनते त्याच द्रव्याचे, नक्षीदार कवच. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तसे कवचाचे दोन भाग एकमेकांत बसतात. पेशी मेली तरी कवच सहसा कुजत नाही, गाळात साठून राहते. अशाच कवचांच्या मातीत नायट्रोग्लिसरीन मुरवून आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हे चिमुकले जीव उचलतात.

महाराष्ट्रातल्या डोंगरांतले डायटम एच. पी. गांधी यांनी चिकाटीने नोंदवले. पन्हाळगडावरच्या डायटमांवरचा त्यांचा निबंध 1959 साली ‘हायड्रोबायोलॉजिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गडावर जाणारे आपण तटबुरूज पाहतो; गांधींनी तिथले पाणी पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हा अभ्यास पुढे चालू आहे.

या नोंदींचा उपयोग काय? प्रत्येक जातीची पाण्याची आवड ठरलेली असते. काही जाती डोंगरातल्या निर्मळ झऱ्यातच वाढतात, तर ‘निट्झशिया पालिया’सारखी जात सांडपाण्यातही फोफावते. एकदा तपासलेले पाणी त्या क्षणाची स्थिती सांगते. दगडावरचे डायटम मात्र मागच्या काही आठवड्यांची हकिगत सांगतात.

गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, तरी तालुका अवर्षणाचा. उन्हाळ्यात साठे तळाला जातात, पाणी तापते. त्यात खतांतला आणि सांडपाण्यातला नत्र व स्फुरद मिसळला, की पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरू शकते. ती डायटमांची नसते. बहुधा नील-हरित जीवाणूंची असते. त्यांतल्या ‘मायक्रोसिस्टिस’च्या काही प्रकारांचे विष यकृताला घातक असते आणि पाणी उकळूनही ते जात नाही. मोरचूद टाकावे, तर पेशी फुटून आतले विष एकदम पाण्यात उतरते. म्हणून अशी साय दिसली, तर ते पाणी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये. पाणीपुरवठा आणि आरोग्य विभागाला कळवावे. खरा उपाय मात्र वरच्या अंगाला आहे: खत आणि सांडपाणी साठ्यात उतरू न देणे.

पाणी किती उरले, हे पाहायला आपण धरणावर जातोच. पुढच्या वेळी काठावरचा एक दगडही उचलून पाहा. पाणी कसे आहे, हे त्याच्यावर लिहिलेले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)