हातात पेलणारे टेलिफोटो भिंग

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या काठावरून आपल्याला ३० मीटरवरच्या बगळ्याचे छायाचित्र घ्यायचे आहे. बगळा ६० सेंटिमीटर उंच. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने त्याची प्रतिमा ६ मिलिमीटर उंच पडते, ५० मिलिमीटरच्या भिंगाने जेमतेम १. मात्र प्रतिमा सहापट होते तशी हाताची थरथरही! म्हणून अशा भिंगाचे शटर १/३०० सेकंदाहून जास्त वेळ उघडे ठेवू नये, असा ठोकताळा आहे.

इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश घ्यायचा तर भिंग रुंद हवे. एफ/२.८ म्हणजे ३०० भागिले २.८, सुमारे १०७ मिलिमीटर व्यास. एफ/५.६ ला ५४ पुरतो. वजन खूप घटते, पण प्रकाशही चौथाई होतो, आणि पक्षी तर पहाटेच दिसतात. कंपनरोधक यंत्रणा आपला हात सावरते, उडता बगळा नाही.

आमच्या मते मधले एफ/४ बरे. दीपगृहांसाठी फ्रेनेलने केलेल्या भिंगांशी नाते सांगणारी, बारीक वर्तुळाकार खाचांची काच वापरून निकॉनने २०१५ मध्ये असे ३०० मिलिमीटरचे भिंग ७५५ ग्रॅममध्ये बसवले. त्यांचे आधीचे सुमारे १४४० ग्रॅमचे होते. सूर्य चौकटीत आला, तर मात्र या खाचांमुळे चित्रात रंगीत कडी उमटू शकतात.