तंतुकणिकेची दोन दर्शने (लेखांक पाचवा)

भिंगांचे वर्धन वाढवीत गेले, की वस्तू अधिकाधिक स्पष्ट दिसत जाईल, हा सर्वसामान्य समज कितपत ग्राह्य आहे, या प्रश्नापाशी मागील लेखांकात आपण थांबलो होतो. त्याचा फैसला १८७३ साली जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांनी केला. नदीच्या लाटेला काठचा लव्हाळा जसा अडवू शकत नाही, तसेच तरंगलांबीहून फार लहान असलेल्या वस्तूचा तपशील प्रकाशाच्या लाटेवर उमटत नाही; म्हणून वस्तुभिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब घालून कितीही उत्तम तजवीज केली, तरी सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू एकच दिसतात. त्यापुढील वर्धनाने चित्र मोठे होते, ज्ञान मात्र तेवढेच राहते.

पेशीतील तंतुकणिका या हद्दीच्या अगदी अलीकडे वसलेली आहे. तिची जाडी साधारणतः ५०० ते १००० नॅनोमीटर असल्यामुळे प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून ती दिसते खरी, परंतु केवळ एक कण वा तंतू म्हणून. तथापि या दर्शनाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. कोंबडीच्या गर्भातील ऊती काचेवर जिवंत वाढवून बाल्टिमोर येथे मार्गारेट आणि वॉरन लुईस या दांपत्याने १९१५ साली जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या तंतुकणिका वाकतात, लांबतात, दुभंगतात आणि परस्परांत मिसळतात, हे प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष आहे. जीवनव्यापार चालू असताना तो पाहता येणे, हे या जुन्या यंत्राचे वैभव आजही उणावलेले नाही.

तिच्या अंतरंगासाठी मात्र निराळी लाट हवी होती. गतिमान कणालाही तरंगलांबी असते, असे द ब्रॉय यांनी १९२४ साली मांडले होते. एक लक्ष व्होल्टच्या दाबाखाली धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर इतकी अल्प भरते. काचेच्या भिंगाचा येथे उपयोग नाही. तारेच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र हेच भिंग. या तत्त्वावरील यंत्र माक्स नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली बर्लिन येथे सिद्ध केले, आणि रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली.

परंतु या दृष्टीची किंमत जबर आहे. हवेच्या रेणूंवर आदळून इलेक्ट्रॉन विखुरतात, म्हणून यंत्राच्या पोटात निर्वात राखावा लागतो, आणि जलमय पेशी निर्वातात टिकणे अशक्य. सबब तिला रसायनांनी स्थिर करून, अल्कोहोलने निर्जल करून, राळेत घट्ट बसवून, हिऱ्याच्या सुरीने तिचे छेद घ्यावे लागतात. सुरीपासून सुटून पाण्यावर तरंगणाऱ्या त्या छेदाची जाडी कसबी हात नुसत्या रंगावरून ओळखतो: रुपेरी झाक आली तर छेद सुमारे साठ ते नव्वद नॅनोमीटरांचा, सोनेरी आली तर त्याहून जाड. मग तो तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर अलगद उचलून शिसे व युरेनियम यांच्या क्षारांत बुडवतात. पडद्यावर जे काळे दिसते, तो पेशीचा रंग नसून तिच्या अवयवांना चिकटलेल्या जड धातूंनी इलेक्ट्रॉन विखुरल्याची खूण होय.

अशाच छेदांत न्यूयॉर्क येथे जॉर्ज पालाडे यांना १९५२ च्या सुमारास दिसले, की त्या साध्या भासणाऱ्या कणाच्या आत पटलाच्या घड्या ओळीने मांडलेल्या आहेत. अन्नातील ऊर्जा पेशीच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणारी यंत्रणा याच घड्यांवर बसविलेली असते, आणि घड्यांमुळे तिला पुष्कळ जागा लाभते, हे पुढे स्पष्ट झाले. माझ्या मते शरीररचना आणि शरीरक्रिया यांचा सांधा इतक्या स्वच्छपणे उलगडल्याचे दाखले विरळा आहेत.

मात्र मृत पेशीचा जबाब तपासून घ्यावा लागतो. जिवाणूंच्या छेदांत पटलाची जी वेटोळी दिसत, त्यांना ‘मेसोसोम’ असे नाव देऊन पाठ्यपुस्तकांत अवयवाचा दर्जाही मिळाला होता. परंतु रसायनांऐवजी अतिशीघ्र गोठवून तेच जिवाणू पाहिले, तेव्हा ती वेटोळी आढळेनात, आणि हा सारा प्रकार स्थिरीकरणाच्या रसायनांनी घडविला होता, असे निष्पन्न झाले. पाण्याचे स्फटिक बनण्यास अवधीच न देता पेशी गोठविण्याची ही युक्ती कशी साधते, याचा विचार पुढील लेखांकात करू.