हातमोजा घेताना

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस बिथरली आणि दावं हातातून सरसरत गेलं, की तळहात सोलून निघतो. अशा कामाला म्हशीच्या जाड चामड्याचा हातमोजा टिकतो. म्हशीचा ओढा सोसायला म्हशीचंच कातडं, हाही एक न्याय! बारीक कामाला बकरीचं मऊ चामडं बरं.

चामड्याचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो जास्त चिवट. खालचा खरखरीत थर, म्हणजे ‘स्प्लिट’, स्वस्त पडतो; वेल्डिंगचे हातमोजे बहुधा त्याचेच असतात. घालून मूठ वळून पाहा. बोटांची टोकं लोंबत असतील तर पकड सुटते. तळव्याला दुहेरी चामडं आहे का, तेही बघा.

भिजलेला हातमोजा चुलीजवळ वाळवला की कडक होऊन तडकतो. सावलीत वाळवा, अधूनमधून चामड्याचं तेल किंवा मेण अगदी थोडं चोळा. वेल्डिंगच्या हातमोज्याला मात्र तेल नको, ते पेट घेतं.

आणि कडबाकुट्टी किंवा ड्रिल फिरत असेल तिथे हातमोजा काढूनच ठेवा; तो अडकला तर हातही आत ओढला जातो.