एक कॉलेज, एक शाखा

अमेरिकेतली फ्रॅटर्निटी म्हटलं की आपल्याला सिनेमात पाहिलेले बंगले, रात्रभराच्या पार्ट्या आणि नवख्यांचा छळ आठवतो. ‘अल्फा फाय ओमेगा’ ही त्या जातकुळीतली संस्था नाही. तिचे सभासद रक्तदान शिबिरं भरवतात, स्काउटांच्या मेळाव्यांत राबतात, परिसरातल्या लोकांसाठी श्रमदान करतात. आपल्या एन.एस.एस.शी तिचं काम बरंच जुळतं, फक्त इथे कारभार विद्यार्थ्यांच्या हाती असतो. अशा संस्थेत काही शाखा केवळ मुलग्यांच्या असाव्यात का, यावर तीस वर्षं वाद चालला.

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या लाफायेट कॉलेजात 16 डिसेंबर 1925 रोजी ही संस्था सुरू झाली. पहिल्या महायुद्धात नौदलात काम केलेला फ्रँक रीड हॉर्टन हा तिचा प्रवर्तक. त्याच्यासह 14 विद्यार्थी संस्थापक होते. स्काउटची शपथ आणि स्काउटचे नियम हा पाया, नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही तत्त्वं. सुरुवातीला सभासद होण्यासाठी आधी स्काउट असावं लागे आणि स्काउट मुलगेच असत. त्यामुळे मुलींना वगळण्याचा वेगळा विचार कुणाला करावाच लागला नाही. पुढे स्काउटपणाची अट गेली, तरी मुलींसाठी दार बंदच राहिलं. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. ज्या कारणाने मुली बाहेर होत्या ते कारणच संपलं होतं. उरली होती केवळ सवय.

दरम्यान मुलींनी आपली सोय आपण केली. 1952 मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘गॅमा सिग्मा सिग्मा’ ही मुलींची सेवासंस्था स्थापन झाली. 1967 मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात ‘ओमेगा फाय अल्फा’ उभी राहिली. तिच्या नावातली अक्षरंच सांगतात की तिची नजर कुणाकडे होती.

मग कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ 1972 चा. त्यात 1974 मध्ये सिनेटर बर्च बाय यांच्या पुढाकाराने सवलती घातल्या गेल्या. सामाजिक फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या तशाच संस्था, म्हणजे सोरॉरिटी, यांना सूट मिळाली. बॉय स्काउट, गर्ल स्काउट आणि मुख्यतः 19 वर्षांखालच्या मुलामुलींच्या, परंपरेने एकाच लिंगाच्या स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. कॉलेजातली सेवा फ्रॅटर्निटी यांपैकी कोणत्याच चौकटीत नीट बसत नव्हती. रंजनासाठी जमणाऱ्यांना मुभा आणि सेवेसाठी जमणाऱ्यांवर प्रश्नचिन्ह, असं हे वरकरणी विचित्र चित्र होतं. मला मात्र त्यात अर्थ दिसतो. मित्र कुणी निवडावेत हे कायद्याने सांगू नये. पण कॉलेजचं नाव, जागा आणि मान्यता घेऊन सार्वजनिक काम करायचं, तर त्यात कुणाला घ्यायचं हा खाजगी प्रश्न राहत नाही.

संस्थेच्या 1976 च्या अटलांटा अधिवेशनात स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव झाला. मात्र जुन्या पुरुष-शाखांना हवं तर तसंच राहू द्यायचं, अशी तडजोडही झाली. तिला ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ म्हणत. नावाप्रमाणे करार पुरुषांचा होता, त्याचा भार मात्र मुलींवर पडणार होता.

पुरुष-शाखांची बाजू उथळ नव्हती. आमची शाखा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा बंधुभाव, तो कसा जपायचा हे आम्ही ठरवू, मुलींना शेजारच्या शाखा खुल्या आहेतच, असं तिथले विद्यार्थी मनापासून म्हणत. एरवी एकमेकांशी मोकळं न बोलणारी मुलं केवळ मुलग्यांत मोकळी होतात, हेही मला खरं वाटतं. पण एका कॉलेजात या संस्थेची शाखा एकच असते. त्या कॉलेजातल्या मुलीला ‘शेजारची’ शाखा म्हणजे दुसऱ्या गावचं दुसरं विद्यापीठ. शाखेची स्वायत्तता म्हणून जी गोष्ट मिरवली जात होती, तिची किंमत तिथली विद्यार्थिनी चुकवत होती.

2002 मध्ये मॅगी कॅट्झ राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. ज्या संस्थेच्या सर्वोच्च पदावर स्त्री बसली होती, तिच्याच काही शाखांत स्त्रीला साधं सभासद होता येत नव्हतं. 2006 च्या लुइव्हिल अधिवेशनाने तडजोड संपवली आणि उरलेल्या शाखांना मुलींना प्रवेश देण्यासाठी 2008 च्या अधिवेशनापर्यंत मुदत दिली. तीस वर्षं म्हणजे विद्यार्थ्यांच्या सात-आठ पिढ्या. इतका उशीर समर्थनीय होता असं मला वाटत नाही.

फिलिपिन्समध्ये याच संस्थेने दुसरी वाट धरली. तिथे 1950 मध्ये डुमागेटेच्या सिलिमन विद्यापीठात ती रुजली आणि पुढे एकाच राष्ट्रीय छत्राखाली फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी अशा जोडशाखा वाढल्या. वेगळेपणा तिथेही आहे. मात्र मुलीला त्याच नावाखाली, त्याच कॉलेजात जागा आहे. ही रचना मी सरसकट नाकारणार नाही. तिथे विचारायचे प्रश्न निराळे आहेत: पैसा दोघांना सारखा मिळतो का, आणि संयुक्त उपक्रमाचा निर्णय कोण घेतं?