सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका

बारावी सायन्सनंतर डी.फार्म.ला जाणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांतून बरीच दिसतात. दोन वर्षांचे शिक्षण आणि पुढे स्वतःचे मेडिकल, हा हिशेब घरच्यांना पटतो. पण पदविका हातात आली म्हणजे मुलगी फार्मासिस्ट झाली, असे नसते. मधल्या पायऱ्या घरात कोणाला ठाऊक नसतात आणि मुले नेमकी तिथे फसतात. म्हणून या वेळी औषधांऐवजी औषध देणाऱ्या माणसाबद्दल लिहीत आहोत.

फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतात, तो अपवाद. इतर कोणी दिले तर गुन्हा होतो. काउंटरवर दहा वर्षे काढलेल्या पोराला सगळ्या गोळ्यांची नावे पाठ असतात, मालकाचा जीव त्याच्यावर असतो. पण त्या अनुभवावर आज नोंदणी मिळत नाही.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते पाहा. ‘शिष्यवृत्तीचा फॉर्म आम्हीच भरतो, तुम्ही फक्त कागद द्या’ असे गोड बोलणाऱ्यांकडे आधी मान्यतेचे पत्र मागा. मान्यता नसेल, तर दोन वर्षे आणि पैसे दोन्ही गेले.

परीक्षेनंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते. ते किमान तीन महिने चालते आणि त्यातले निम्मे तास चिठ्ठी वाचून औषध देण्याच्या कामाचे असावे लागतात. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून हे तास कागदावर भरणारे आहेत. आम्हाला ही स्वतःचीच फसवणूक वाटते. सांधेदुखीवर दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठीतला तो ‘आठवड्यातून’ शब्द हेरायची नजर त्या ५०० तासांतच तयार होते.

२०२० च्या अभ्यासक्रमाने डी.फार्म. करणाऱ्यांसाठी २०२२ च्या नियमांनी एक्झिट परीक्षाही आणली. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. आपल्या बॅचला काय लागू आहे, ते कॉलेजकडून लेखी घ्या. त्यानंतर राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते. ती एकदा केली की जन्मभर पुरते असे नाही. शुल्क भरून चालू ठेवावी लागते.

नोंदणी माणसाची असते, परवाना दुकानाचा. किरकोळ विक्रीचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते, नमुना २० आणि २१ मध्ये. त्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि चिठ्ठीवरची औषधे फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावी लागतात. ज्याच्याकडे पैसा आहे पण फार्मासिस्ट नाही, तो मग नुकत्याच पास झालेल्या गरजू मुलाच्या घरी येतो. ‘फक्त सर्टिफिकेट भिंतीवर लावू, तू यायची गरज नाही, महिन्याला पैसे घरपोच.’

घरात कर्ज असेल, तर हे पैसे नाकारणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. पण त्या दुकानातून चुकीची गोळी गेली, तर चौकशीत पहिले नाव निघते ते भिंतीवरच्या कागदावरचे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत दुकानात हजर न राहता सर्टिफिकेट देणे ही गैरवर्तणूक मानली आहे आणि नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. ज्या कागदासाठी आईने मजुरी केली, तोच कागद जातो. आणि ती गोळी बहुधा आपल्याच वस्तीतल्या कोणीतरी घेतलेली असते. महागड्या इस्पितळात जाणारे लोक अशा दुकानावर अवलंबून नसतात.

याच नियमांप्रमाणे फार्मासिस्टने पांढरा कोट घालायचा असतो आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा असतो. औषध घेताना ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असे विचारायला लाजू नका.

कोणी सर्टिफिकेट आधीच देऊन बसले असेल, तर मालकाला तारखेसह लेखी राजीनामा द्या. फार्मासिस्ट बदलल्याचे महिनाभरात प्रशासनाला कळवणे मालकावर बंधनकारक असते. पण त्याच्यावर विसंबू नका. राजीनाम्याची प्रत स्वतः अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या, पोच घ्या आणि मूळ सर्टिफिकेट घरी आणा.