स्विंगला आता हात लावू नका

मित्रमंडळींत गोल्फची सांघिक स्पर्धा ठरली, की हौशी खेळाडू सगळ्यात आधी ड्रायव्हिंग रेंज गाठतो. बादलीभर चेंडू घेतो, ड्रायव्हर काढतो आणि एकामागून एक मारत सुटतो. रात्री मोबाइलवर प्रशिक्षकांचे व्हिडिओ बघतो. एक सांगतो मनगट असं ठेवा, दुसरा म्हणतो खांदा आणखी वळवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेंज, आणि आता स्विंगही नवा. स्पर्धेला तीन आठवडे उरलेले असताना केलेली ही मेहनत बहुतेक वेळा वाया जाते, कित्येकदा तर अंगाशी येते. वर्षानुवर्षं अंगात मुरलेला स्विंग एवढ्या काळात बदलत नाही, फक्त बिघडतो. सामन्यातले निर्णय, जवळचे पट आणि जोडीदाराशी जमणारा मेळ मात्र तेवढ्या काळात खरोखर सुधारतो. सांघिक सामन्यात गुण मिळतात तेही प्रामुख्याने याच जोरावर.

अशा स्पर्धांचा आराखडा सहसा रायडर कपवरून घेतलेला असतो. बियाणं एकेका पेनीच्या पाकिटात विकून श्रीमंत झालेले इंग्लंडमधले व्यापारी सॅम्युएल रायडर यांच्या नावाची ही स्पर्धा १९२७ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला सुरू झाली. आज ती तीन दिवस चालते आणि २८ गुणांची असते: आठ फोरसम्स, आठ फोरबॉल आणि शेवटच्या दिवशी बारा सिंगल्स. आठ-बारा मित्रांना हाच आराखडा दोन दिवसांत बसवता येतो, मग मैदान येरवड्याचं असो, चेंबूरचं असो की न्यू जर्सीतलं. फोरबॉलमध्ये जोडीतले दोघंही आपापला चेंडू खेळतात आणि त्या होलवर ज्याचे फटके कमी, त्याचा आकडा जोडीचा धरतात. फोरसम्समध्ये जोडीला एकच चेंडू, तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. सिंगल्स म्हणजे एकास एक. तिन्हीकडे मॅच प्ले, म्हणजे प्रत्येक होल स्वतंत्रपणे जिंकायचा, हरायचा किंवा बरोबरीत सोडायचा. एखाद्या होलवर पाच लागले काय आणि नऊ लागले काय, हरलात तर तोटा एकाच होलचा.

रविवारी सकाळी अठरा होलच्या एकूण फटक्यांचा हिशेब ठेवणाऱ्या खेळाडूला हे नियम माहीत असतात, पण त्यांचा अर्थ हातात उतरलेला नसतो. पार चारचा, ३८० यार्डांचा एक होल घ्या, उजवीकडे तळं. सिंगल्सचा सामना आहे आणि प्रतिस्पर्ध्याने पहिलाच फटका पाण्यात घातला आहे. सवयीने हौशी खेळाडू ड्रायव्हर काढतो आणि पुष्कळदा स्वतःही तळ्याचीच वाट धरतो. इथे सहा नंबरच्या आयर्नने दोन सरळ फटके मारावेत, तिसरा वेजने ग्रीनवर ठेवावा आणि दोन पटमध्ये पाच करावेत. दंडाचा फटका मोजून प्रतिस्पर्ध्याला पाचच्या आत येण्यासाठी फार चांगलं खेळावं लागेल. आता हाच होल फोरबॉलमध्ये आला आणि जोडीदाराचा चेंडू फेअरवेच्या मधोमध पडलेला आहे असं समजा. मग त्याच टीवर ड्रायव्हर काढणं शहाणपणाचं, कारण चूक झाली तरी जोडीचा आकडा शाबूत आहे आणि साधलं तर होल हातात येतो. अंतर, वारा, तळं यांतलं काहीच बदललेलं नाही, सामन्याची स्थिती तेवढी बदलली आहे. हा विचार टीवर उभं राहिल्यावर पहिल्यांदा सुचत नाही. त्यासाठी स्पर्धेआधीचे दोन-तीन राउंड मुद्दाम मॅच प्लेचे खेळावे लागतात.

आता रेंजवरच्या सरावाबद्दल. तिथे एकच क्लब पन्नास वेळा मारला की विसाव्या-पंचविसाव्या चेंडूपासून फटके सुरेख बसू लागतात आणि आपण सुधारलो असं वाटतं. हे वाटणं किती फसवं असतं, ते १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात दिसलं. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकायच्या होत्या. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने तिन्हींची सरमिसळ केली. सराव चालू असताना सलग घोटणारे पुढे होते. नंतरच्या चाचणीत सरमिसळवाले वरचढ ठरले. त्याच्या आदल्या वर्षी रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांनी मुलांकडून निशाणावर छोट्या पिशव्या टाकवून घेतल्या होत्या. काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, तर काहींनी दोन आणि चार फुटांवरून. चाचणी तीन फुटांवरून झाली, तरी त्या अंतरावर कधीच सराव न केलेली मुलं जास्त अचूक निघाली. मैदानावर एकच फटका लागोपाठ दोनदा क्वचितच मारावा लागतो. म्हणून रेंजवर मनातल्या मनात स्पर्धेचं मैदान खेळावं: पहिल्या होलचा ड्रायव्हर, मग सात नंबर, मग वेज, आणि दर फटक्याला नवं लक्ष्य. असे चाळीस चेंडू शंभर सलग ड्रायव्हरपेक्षा कितीतरी उपयोगी पडतात. फटके कमी सुंदर दिसतात, हे मात्र सोसायची तयारी हवी. आणि आपला प्रत्येक आयर्न हवेतून किती जातो, हे याच वेळी प्रामाणिकपणे टिपून ठेवावं. आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू पडल्या जागी रुततो आणि उन्हाळ्यात कडक जमिनीवर बराच घरंगळतो. त्यामुळे एप्रिलमधल्या अंतरावर भिस्त ठेवून जुलैत क्लब निवडला, तर चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरात जातो.

यावर जाणकार आक्षेप घेतील आणि त्यांच्या हातात भक्कम पुरावा असेल. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं, की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंच्या गुणांतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांमुळे पडतो. पटिंगचा वाटा लोक समजतात त्याहून लहान आहे. मग लांबचे फटके सोडून पटकडे वळायचं कशाला? ब्रॉडी यांचं म्हणणं बरोबरच आहे, आणि ज्याच्या हातात वर्ष आहे त्याने प्रशिक्षकाकडे जाऊन लांबचा फटकाच सुधारावा. पण फरक कुठे पडतो हा एक प्रश्न आणि तीन आठवड्यांत काय बदलता येतं हा दुसरा. शिवाय हौशी खेळाडूचे लांबच्या फटक्यांतले मोठे तोटे झाडीत, पाण्यात आणि हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूंमुळे होतात. त्यांतले बरेच चुकीच्या क्लबमुळे आणि चुकीच्या लक्ष्यामुळे होतात. ते थांबवायला स्विंग बदलावा लागत नाही, झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्यावर नेम धरायला शिकावं लागतं.

स्विंगची दुरुस्ती मागे ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते दडपणाशी जोडलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या आणि नवशिक्या गोल्फरांना पट मारायला लावून पाहिलं. स्वतःच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्यायला सांगितल्यावर मुरलेल्यांचा खेळ बिघडला, नवशिक्यांचा सुधारला. जी हालचाल शरीर आपोआप करतं, तिच्यात मन ढवळाढवळ करू लागलं की तिची लय तुटते. अठराव्या होलवर तीन सहकारी कडेला उभे आहेत आणि आपल्याला ग्रीनवर चेंडू घालायचा आहे, अशा वेळी डोक्यात मनगट-खांद्याच्या चार ताज्या सूचना असणं म्हणजे ही ढवळाढवळ आपणच बोलावणं. आठवड्यातून एकदा खेळणारा कुठे मुरलेला, असं कोणी म्हणेल. पण दहा वर्षं खेळलेल्या माणसाचा स्विंग ओबडधोबड असला तरी अंगवळणी पडलेला असतो. अगदी नवख्या भिडूने मात्र एखादी सूचना जरूर मनात ठेवावी, आणि ती शरीराबद्दल असण्यापेक्षा क्लबबद्दल असावी. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९९ मधल्या प्रयोगात नवशिक्यांनी हातांऐवजी क्लबच्या झोक्याकडे लक्ष दिलं, तेव्हा त्यांचे पिच शॉट जास्त अचूक पडले.

छोट्या पटचा प्रश्न मैत्रीतूनच जन्मतो. रविवारच्या खेळात दोन-अडीच फुटांचा पट कोणी मारतच नाही; ‘दिला’ म्हणायचं आणि चेंडू उचलायचा. मॅच प्लेच्या नियमांत हे बसतं, प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका सोडून देता येतो. पण याचा परिणाम असा, की कित्येक हौशी खेळाडूंनी तीन फुटांचा पट महिनोन्‌महिने दडपणाखाली मारलेला नसतो. स्पर्धेच्या दिवशी समोरचा गप्प उभा राहतो आणि होलचा घेर एकाएकी आक्रसतो. तेव्हा तीन आठवडे एकही पट घ्यायचा नाही आणि द्यायचा नाही, प्रत्येक चेंडू होलात टाकायचाच, हा ठराव सगळ्या संघाने करावा. रोज दहा मिनिटं होलभोवती तीन फुटांवर चारही बाजूंनी चेंडू मांडून मारावेत. चढ, उतार, डावा कल आणि उजवा कल, चारही गोष्टी त्यात येतात. प्रत्यक्ष सामन्यात सोडून देण्याचा अधिकार उदारपणे वापरायला हरकत नाही. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलवर शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या ग्रीनवर जॅक निक्लॉसने टोनी जॅकलिनचा छोटा पट सोडून दिला आणि रायडर कप १६–१६ असा बरोबरीत सुटला. त्याच्याच संघातल्या काहींना ते रुचलं नव्हतं. मला ते या खेळातल्या सर्वांत सुंदर कृत्यांपैकी एक वाटतं.

जोडीदाराबरोबरच्या तयारीला सर्वांत कमी वेळ दिला जातो, आणि सर्वांत जास्त फायदा तिथेच आहे. हँडिकॅपचा हिशेब आधी कागदावर मांडावा. समजा फोरबॉलमध्ये चौघांचे कोर्स हँडिकॅप ८, १४, १८ आणि २२ आहेत. जागतिक हँडिकॅप पद्धतीत फोरबॉल मॅच प्लेसाठी नव्वद टक्के धरतात, म्हणजे ७, १३, १६ आणि २०. सर्वांत कमी आकडा वजा केला की उरतात ०, ६, ९ आणि १३. याचा अर्थ, २२वाल्या भिडूला सर्वांत अवघड तेरा होलवर एकेक फटका जादा मिळतो. त्या होलवर त्याने साधा बोगी केला तरी तो पार ठरतो, म्हणून तो आठवाल्याचा जोडीदार असेल, तर तिथे त्याने सांभाळून खेळावं आणि धाडस आठवाल्याने करावं. प्रत्यक्षात उलट घडतं. कमकुवत भिडू भरपाई म्हणून जोर लावतो आणि चांगला भिडू त्याची काळजी घेत बसतो. कुणी आधी मारायचं हे ठरवण्याची मुभाही जोडीला असते. चार फुटांवरच्या भिडूने आधी पार पक्का केला, तर पंधरा फुटांवरचा बिनधास्त बर्डीसाठी जाऊ शकतो. फोरसम्समध्ये एकाने विषम होलवर टी-शॉट मारायचा आणि दुसऱ्याने सम. अशा वेळी पार तीनचे होल कुणाच्या वाट्याला येतात, हे स्कोअरकार्ड बघून ठरवावं. एकाचा मऊ चेंडू आणि दुसऱ्याचा टणक, हा घोळही आधीच मिटवावा, कारण दुसऱ्याच्या चेंडूने चिप मारताना अंतराचा अंदाज हमखास चुकतो.

मौजेच्या स्पर्धेला एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दोन दिवस मोकळ्या हवेत जावेत, गप्पा व्हाव्यात, संध्याकाळी एकत्र जेवावं, यासाठीच तर लोक जमतात. पण सांघिक खेळात आपला पट आपल्या एकट्याचा नसतो. शेजारी उभा असलेला मित्र आपल्या फटक्यावर जिंकतो किंवा हरतो, आणि त्याच्यासाठी थोडी मेहनत घेणं ही मैत्रीच आहे. वर सांगितलेल्यातलं काही जाचकही नाही: दोन-तीन राउंड, थोडा सराव आणि एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन. जो खेळाडू दर रविवारी खरा स्कोअर नोंदवत नाही आणि हँडिकॅप फुगवून येतो, तो मात्र मौज खरोखर बिघडवतो. ताज्या वीस स्कोअरपैकी उत्तम आठांवरून निघणारा आकडा सगळ्यांनी सच्चा ठेवला, तरच २४वाला आणि ६वाला बरोबरीने झुंजू शकतात.

राहता राहिला कर्णधाराचा शेवटचा निर्णय, सिंगल्सच्या क्रमाचा. मित्रांच्या संघात सर्वांत चांगल्या खेळाडूला शेवटासाठी राखून ठेवायची पद्धत आहे. मागे असलेल्या संघाने तसं करू नये. रायडर कपमध्ये १९९९ साली ब्रुकलाइनला अमेरिका १०–६ अशी मागे होती आणि तिने पहिले सहाही सिंगल्स जिंकले. २०१२ मध्ये मेडायनाला युरोप तितकाच मागे होता आणि त्यांनी पहिले पाच जिंकले. दोन्ही वेळी मागे असलेला संघच १४.५–१३.५ असा जिंकला, कारण सुरुवातीचे गुण फळ्यावर चढले की मागून येणाऱ्यांना धीर येतो आणि समोरच्यांचे हात जड होतात. सर्वांत चांगला खेळाडू शेवटी ठेवला, तर त्याची पाळी येईपर्यंत निकाल लागून गेलेला असू शकतो. पण शेपटाकडच्या जागाही वाऱ्यावर सोडू नयेत. मेडायनाला युरोपकडे कप राखणारा गुण बारांपैकी अकराव्या सामन्यात आला, आणि तो मार्टिन कायमरने अठराव्या ग्रीनवर सुमारे सहा फुटांचा पट घालून मिळवला. त्यामुळे तीन आठवड्यांच्या सरावात ज्याचे पट सर्वांत कमी हुकले असतील, त्याचं नाव कर्णधाराने शेवटून दुसऱ्या ओळीत लिहावं, मग त्याचा ड्रायव्हर कितीही जवळ पडत असो.