पंखा फिरत नाही, पण का?

तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याला आहे. पानपिंपरीचे मळे, केळी, कापूस आणि मे महिन्यात ४५ अंशांकडे जाणारा पारा. अकोला-खंडवा मीटरगेज लाइनवर गावाचं स्टेशन होतं. २०१७ मध्ये रुंदीकरणासाठी ती लाइन बंद झाली. ब्रॉडगेज पुढं अकोटपर्यंत आली, आणि त्यापलीकडचा मार्ग मेळघाटातून न्यायचा की बाहेरून, या वादात काम रेंगाळलं. दवाखाना, कोर्ट, सोयरीक, सगळी धावपळ त्यामुळे रस्त्यावर आली, आणि चारचाकीच्या पुढच्या जाळीमागं बसलेल्या एका प्लॅस्टिकच्या पंख्यावर तिचा भार पडला.

हा पंखा आठ महिने मेलेला असला तरी मालकाला पत्ता लागत नाही. गाडी पन्नास-साठच्या वेगानं धावत असेल, तर समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची गरज पडते ती गाडी उभी असताना, रांगताना, किंवा अकोटहून पोपटखेडमार्गे मेळघाटात चढताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पण त्याची खरी परीक्षा पाहायची तर उन्हाळ्यातली वरात पाहावी. नवरदेवाची गाडी माणसाच्या चालीनं सरकते, आत एसी पूर्ण, बोनेटवर आणि जाळीवर झेंडूच्या माळा, समोर डीजेच्या गाडीचा धूर. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून आलेली. अशा वेळी काटा लाल रेघेकडे सरकतो, बोनेटखालून वाफ निघते आणि कुणीतरी वाकून बघून म्हणतं, ‘‘अबे, पंखाच नाही फिरून राह्यला!’’

वऱ्हाडातल्या उन्हाचा हिशेब सोपा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा २५ असेल, तर फरक ७० चा. हवा ४५ झाली की तो ५० वर येतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण थंड करण्याची ताकद तीस टक्क्यांच्या आसपास घटली. जानेवारीत लपून गेलेला दोष मे महिन्यात उघडा पडतो तो यामुळे.

जुन्या गाड्यांना ही कटकट नव्हती. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, महिंद्राची जीप यांची इंजिनं उभी बसवलेली, आणि पंखा थेट इंजिनच्या पट्ट्यावर. इंजिन चालू तर पंखा चालू. ट्रॅक्टरला आजही तसाच असतो. पुढं इंजिनं आडवी बसू लागली, तेव्हा इंजिनच्या तोंडाला रेडिएटर उरला नाही आणि पट्टा पोचेना. इटलीत फियाटनं १९६९ च्या १२८ मॉडेलमध्ये पंखा विजेवर आणि तापमानाच्या स्विचवर टाकला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नं ही रचना घरोघरी पोचवली. थंड इंजिनवर पंखा उगाच ताकद खात नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की पंख्याला आता कुणीतरी ‘फिर’ म्हणून सांगावं लागतं, आणि ते सांगणारे चार-पाच जण आहेत.

इंजिनच्या पाण्यात सेन्सर असतो. पाणी तापेल तसा त्याचा रोध उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो. हे वाचून गाडीचा कॉम्प्युटर रिलेच्या बारीक गुंडाळीला अर्थिंग देतो. रिलेच्या पायांवर ८५ आणि ८६ लिहिलेलं असतं, ती ही गुंडाळी. ३० आणि ८७ मधून पंख्याचा जड करंट जातो, साधारण दहा ते वीस अँपिअर. मध्ये फ्यूज, पुढं कपलर, मग मोटर आणि शेवटी चेसिसवर पेचानं आवळलेली अर्थिंगची तार. जुन्या गाड्यांत कॉम्प्युटरऐवजी रेडिएटरवरच एक थर्मोस्विच असे.

गॅरेजमध्ये मोटर आधी बदलली जाते, आणि मला हाच उलटा कारभार वाटतो. मोटर महाग, शिवाय तिला दोषी ठरवण्याआधी बाकीचे तपासायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. जाणता वायरिंगवाला आधी एसी लावून बघतो. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. एकच पंखा असलेल्या गाडीत तो एसीवर फिरला आणि तापल्यावर फिरला नाही, तर मोटर निर्दोष; संशय सेन्सरवर. एसीवरही गप्प राहिला, तर फ्यूज बघायचा, मग रिले. त्याच जातीचा हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला की खर्च न करता निकाल लागतो. मग कपलर सुटा करून मोटरला बॅटरीवरून थेट तारा द्यायच्या. फिरली तर तिला सोडून द्या. फिरली नाही आणि पाठीवर पेचकसाच्या मुठीनं ठोकल्यावर फिरली, तर मोटरचे कार्बन ब्रश घासलेत.

इथं मल्टिमीटर फसवतो. हिरवी पडलेली कपलरची पिन किंवा गंजलेली अर्थिंग यांतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला दिवा लावला की खरं कळतं: तो मिणमिणला तर वाटेत कुठंतरी गंज आहे. गंभीर गुन्हा एकच, उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर मोटर जाम आहे किंवा तार कुठं घासतेय. तार घालणारा तो दोष झाकून वायरिंग जाळण्याची सोय करतो.

कधी सगळी वीज ठीक असते आणि दोष पाण्यात निघतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती, बुलडाण्यात खारपाणपट्टा पसरलाय. तिथल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत क्षार धरतात आणि धातू गंजतो. कूलंट महाग म्हणून पाणी ओतणाऱ्यांना निदान ते डिस्टिल्ड हवं, एवढं तरी कुणी सांगायला पाहिजे. पाणी कमी पडलं तर सेन्सरचं टोक वाफेत उघडं राहतं, कमी तापमान सांगतं आणि पंख्याला हुकूमच जात नाही. थर्मोस्टॅटचा वॉल्व बंद अडकला, तर इंजिन उकळतं आणि रेडिएटर गार असतो. थर्मोस्विचच्या गाडीत पंखा तेव्हा गप्प बसतो, आणि त्याचं बरोबरच असतं. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा थंड, ही अडकलेल्या वॉल्वची खूण. पाइप चाचपा, पण झाकण उघडू नका. आतला दाब पाण्याला शंभराच्या पुढं नेतो आणि झाकण सुटताच ते तोंडावर येतं.

‘‘भाऊ, डायरेक्ट करून देऊ का?’’ हा प्रश्न इथं हमखास येतो. म्हणजे पंख्याची तार चावीवर किंवा डॅशबोर्डवरच्या बटणावर. लग्नातून घरी पोचायला हा उपाय नामी आहे, मीही नाही म्हणणार नाही. पण तो कायमचा झाला की दोष तसाच राहतो, मोटर विनाकारण झिजते आणि बटण दाबायचं एके दिवशी राहून जातं. त्याच्या जोडीला ‘वॉल्व काढून टाकू’ आलं तर हिवाळ्यात इंजिन नीट तापतही नाही आणि डिझेल-पेट्रोल जास्त खातं.

मोटर खरंच बदलावी लागली, तर शेवटचं एक काम उरतं. साध्या दोन तारांच्या मोटरमध्ये त्या उलट जोडल्या तरी ती फिरते, फक्त उलटी, आणि रेडिएटरमागं बसलेला पंखा हवा ओढायची सोडून पुढं ढकलू लागतो. आवाज तोच, वेगही तोच दिसतो, त्यामुळे गॅरेजच्या दारात कुणाच्या लक्षात येत नाही. एसी लावून जाळीवर वहीचं पान धरायचं. चिकटून राहिलं तर गाडी न्या. फडफडून बाहेर उडालं तर दोन तारा आताच अदलाबदल करून घ्या.